पहिलटकर बापाला शिकवतं कोण?

दुसरी_पाळी

मुलगी उद्या पाच महिन्यांची होईल. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. आज ती लवकर झोपली, म्हणून लिहायला बसलोय.

बाळंतपण हिच्या माहेरी झालं, साताऱ्याकडे. मी चाकणला कारखान्यात. पहिले अडीच महिने रविवारी सकाळी पोचायचो आणि संध्याकाळच्या एसटीने परत. त्या घरात सासूबाई, मावशी, हिची आजी, शिवाय मालिशवाल्या बाई. सगळ्यांच्या हातांना काम माहीत. माझ्या हातात बाळ यायचं ते दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं, पाच मिनिटांसाठी. जरा कुरकुरलं की कोणीतरी "द्या इकडे" म्हणून घेऊन जायचं. जावई म्हणून मान भरपूर मिळाला, पण बाप म्हणून एक काम माझ्या वाट्याला आलं नाही.

मग दोघी घरी आल्या आणि पहिल्याच आठवड्यात हिला ताप भरला. रात्री दीडला मुलगी दूध पिऊन झाल्यावर पाय पोटाशी घेऊन कळवळून रडायला लागली. मी तिला घेऊन स्वयंपाकघर ते गॅलरी अशा फेऱ्या मारत राहिलो. साडेचारला ती दमून झोपली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आमच्या लाइनवरच्या एका सीनियर फिटरनी विचारलं, डोळे का लाल? दोन मुलींचे वडील आहेत ते. मी सांगितलं. त्यांनी कँटीनमध्येच गळ्यातला टॉवेल काढला, गुंडाळी केली, खांद्यावर घेतली आणि दाखवलं. हनुवटी खांद्याच्या वर आली पाहिजे. एक हात बुडाखाली. दुसऱ्या हाताची ओंजळ करून पाठीवर खालून वर थोपटायचं. म्हणाले, "ढेकर आला नाही तरी दहा मिनिटं उभं धर. खाली ठेवायची घाई करू नको." आजूबाजूची दहाबारा माणसं जेवता जेवता बघत होती. कोणी हसलं नाही. एक जण तर उठून आला आणि त्याने पोटावर पालथं घेऊन झोपाळ्यासारखं कसं धरायचं तेही दाखवलं.

त्या रात्री ढेकर आला. मी एकटाच जागा होतो आणि तो आवाज ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

माझे वडील प्रेमळ आहेत. पण त्यांना विचारलं तर म्हणाले, "तू दोन वर्षांचा होईस्तोवर मी तुला चारचौघांत उचललं नाही. आबांसमोर स्वतःचं पोर घेणं बरं दिसायचं नाही." म्हणजे त्यांच्याकडून शिकावं तर त्यांनाही कोणी शिकू दिलेलं नाही.

तर प्रश्न असा की तुम्हाला बापपण कोणी शिकवलं? वडिलांनी, मित्राने, सासऱ्यांनी की कोणीच नाही?

माजघर

मोठ्या बहिणीने. तिच्या दोन मुलांना मी कॉलेजात असताना अंघोळ घालायचो, त्यामुळे माझ्या वेळी हात बसलेला होता.

गंगावेस

भावा, लई मनातलं लिहिलंस. आमच्याकडं कोल्हापुरात तालमीत पोरगं गेलं की पहिला महिना नुसतं बघतं. माती कशी उकरायची, जोर कसे मारायचे, पडायचं कसं. पडायला आधी शिकवतात, पाडायला नंतर. वस्ताद काठावर बसून एक एक चूक सांगतो. एवढ्याशा कुस्तीला वस्ताद लागतो आणि माणूस घडवायला निघालेल्या बापाला कोणी नाही. मला माझ्या तालमीतल्याच एका जोडीदारानं शिकवलं. त्याचं पोरगं माझ्यापेक्षा आठ महिन्यांनी मोठं. वस्तादापेक्षा तो बरा, कारण त्याला सगळं ताजं आठवत होतं.

केतकीचं_पान

मूळ प्रश्नालाच माझा थोडा आक्षेप आहे. बापाला शिकवायला बापच कशाला हवा? माजघर यांनी बहिणीकडून शिकलंच की. घरात आई, सासू, बायको या सगळ्यांना हे काम येतं. त्यांना विचारायचं सोडून कारखान्याच्या कँटीनमध्ये शिकावं लागतं, यात मला पुरुषांचं न विचारणं जास्त दिसतं.

दुसरी_पाळी

केतकीताई, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. मी विचारायला हवं होतं. फक्त एक फरक सांगतो. सासूबाईंना विचारलं की त्या करून टाकायच्या. त्या फिटरनी केलं नाही, माझ्याकडून करून घेतलं. आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, "आला का ढेकर?"

तोंडवळा

केतकीताई, बाप लागतोच असं नाही, पण बाप असला तर काय होतं ते सांगते. मी गेली बारा वर्षं कॅलिफोर्नियात आहे. इथे अर्व्हाइनमध्ये 1990 साली 'बूट कँप फॉर न्यू डॅड्स' सुरू झालं. लवकरच बाप होणारे पुरुष एका खोलीत जमतात आणि नुकतेच बाप झालेले आपापली तान्ही बाळं घेऊन तिथे येतात. बायकांना प्रवेश नाही. बाळ रडलं तर तिथेच सगळ्यांसमोर लंगोट बदलतात, आणि नवख्यांच्या हातात बाळ देतात. काही महिन्यांनी तेच नवखे आपलं बाळ घेऊन शिकवायला परत येतात. माझा नवरा पहिल्या दिवशी तिथून घरी आला आणि म्हणाला, "मी आज एक तास एक बाळ धरलं होतं, आणि ते झोपलं." सातवा महिना होता माझा. तो आत्मविश्वास मी त्याला दिला असता तरी त्याने घेतला नसता, कारण मला चुकीची भीती वाटत नसणार असं त्याने गृहीत धरलं होतं. त्या दुसऱ्या बापाने मात्र सांगितलं की माझेही हात कापत होते.

बाळरोगी_वाळवेकर

(हे टोपणनाव आहे, आडनाव नव्हे. मी बालरोगतज्ज्ञ आहे.)

ढेकराची पद्धत अगदी बरोबर सांगितली आहे. पालथं घेणं हातावर असताना आणि आपण जागे असताना ठीक. झोपवायचं मात्र नेहमी पाठीवरच.

आता अनुभव. मी सरकारी रुग्णालयात नवजात कक्षात काम करत असतानाची गोष्ट. चौदाशे ग्रॅमचं बाळ. आईचं रक्तदाब वाढून झटके आलेले, ती वेगळ्या वॉर्डात. अशा बाळाला ऊब हवी, आणि सगळ्यात चांगली ऊब माणसाच्या छातीची. याला कांगारू मातृसेवा म्हणतात. 1978 साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात इन्क्युबेटर अपुरे पडत होते, त्या अडचणीतून ही पद्धत निघाली. 2021 साली भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांतल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. बाळाची प्रकृती स्थिरावण्याची वाट न बघता जन्मानंतर लगेच छातीशी घेतलेल्या कमी वजनाच्या बाळांमधले मृत्यू चौथ्या हिश्शाने कमी झाले. नावात 'मातृ' असलं तरी बापाची छाती चालते.

पण हे सगळं त्या चोवीस वर्षांच्या बापाला मी समजावत होतो तेव्हा तो भिंतीला टेकून उभा होता आणि "नको सर, मोडेल ते" एवढंच म्हणत होता. शेजारच्या खुर्चीवर एक जण शर्टाची बटणं उघडून तीन आठवडे रोज बसत होता. ऊसतोडीला जाणारा माणूस. त्याने मला थांबवलं. स्वतःचं बाळ नर्सकडे दिलं, या मुलाला खुर्चीत बसवलं, शर्ट काढायला लावला. फक्त लंगोट, टोपी आणि मोजे घातलेलं बाळ उभं छातीवर ठेवलं, पाय बेडकासारखे, मान एका बाजूला वळवलेली, वरून फडकं बांधलं. मग त्याचा हात धरून बाळाच्या पाठीवर ठेवला आणि म्हणाला, "आता श्वास घे की." मुलगा इतका वेळ श्वास रोखून बसला होता. मला ते दिसलंच नव्हतं.

नंतर आम्ही नियमच केला. नवीन बापाला समजावायला आधी जुना बाप पाठवायचा, मग डॉक्टर.

ओली_माती

डॉक्टर, डोळे भरून आले. एक विचारते, बाळगुटी आणि मध? आमच्याकडे सगळे बाप-आजोबा "आम्ही चाटवलंय" म्हणतात.

बाळरोगी_वाळवेकर

मध एक वर्ष पूर्ण होईपर्यंत अजिबात नको. त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. सहा महिन्यांपर्यंत आईचं दूधच, वरचं पाणीसुद्धा नको. गुटीही नको.

रानभेंडी

हाच माझा मुद्दा. सगळे अनुभवी बापांचं कौतुक करताय, पण अनुभवी माणूस चुकीचंही तितक्याच ठामपणे शिकवतो. माझ्या मुलाने पहिलीत असताना शाळेत जायला नकार दिला. सोसायटीतल्या तीन वडिलांनी मला एकच सल्ला दिला, "दोन ठेवून दे, सरळ होईल." मी ठेवल्या. मुलगा शाळेत जायला लागला आणि माझ्याशी बोलायचा बंद झाला. आठ महिन्यांनी कळलं की शाळेच्या बसमध्ये एक मोठा मुलगा त्याचा डबा हिसकावून घ्यायचा. हे त्याने आजोबांना सांगितलं, मला नाही. आज तो अकरावीत आहे. तेव्हाच मला एक तरी बाप असा भेटला असता ज्याने विचारलं असतं, "त्याला विचारलंस का?"

गंगावेस

रानभेंडी, हे लिहायला छाती लागते. वस्ताद पारखून घ्यावा लागतो हे खरं. जो स्वतः हरलेल्या कुस्तीबद्दल बोलतो त्याच्याकडं जावं. नुसत्या जिंकलेल्या सांगतो त्याच्याकडं जाऊ नये.

उत्तरेचा_वारा

गोथेनबर्गहून. स्वीडनमध्ये 1974 साली पालकत्वाची रजा आई-बाप दोघांनाही खुली झाली. तरी बाप ती फारशी घेत नव्हते, म्हणून 1995 पासून एक महिना फक्त बापासाठी राखून ठेवला. घेतला नाही तर बुडाला. आता एका मुलामागे 480 दिवस असतात आणि त्यातले 90-90 दिवस प्रत्येकाने स्वतःच घ्यायचे.

मी सात महिने घेतले. इथे उघड्या बालवाड्या असतात, नाव नोंदवावं लागत नाही, बाळ घेऊन जायचं आणि बसायचं. पहिल्या दिवशी मला वाटलं सगळ्या आया असतील. अर्ध्याच्या आसपास बाप होते. जमिनीवर मांडी घालून बसलेले. एकाने मला काही न विचारता सांगितलं की मुलगा दात येताना चावायला लागलाय, तर ओलं फडकं फ्रीजमध्ये ठेवून दे. मला तेव्हा स्वीडिश धड येत नव्हतं. फडकं मात्र कळलं.

टेबलखुर्ची

स्वीडनचं चांगलंच आहे, पण आपल्याकडे बापाला सुट्टीच नसेल तर तो बसणार कुठे आणि शिकणार कधी? खासगीत मला तीन दिवस मिळाले, तेही माझ्या हक्काच्या रजेतून.

फाइल_क्रमांक

टेबलखुर्ची, केंद्र सरकारी पुरुष कर्मचाऱ्यांना 1997 पासून 15 दिवसांची पितृत्व रजा आहे. अट अशी की हयात मुलं दोनपेक्षा कमी हवीत, आणि बाळ सहा महिन्यांचं व्हायच्या आत घ्यायची, नाहीतर जाते. डिसेंबर 2018 पासून एकल पुरुष पालकांना 730 दिवसांची बालसंगोपन रजाही आहे. 2017 ला बाळंतपणाची रजा पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे झाली, पण त्या कायद्यात बापाला एकही दिवस दिला नव्हता.

आमच्या कार्यालयात ही 15 दिवसांची रजा कोणी मागत नव्हतं. मी मागितली तेव्हा वरिष्ठ म्हणाले, "बाळंतपण तुझं आहे का?" मी घेतली. पुढच्या वर्षी तिघांनी घेतली, आणि तिघंही आधी माझ्याकडे अर्जाचा नमुना मागायला आले. आता नवीन लग्न झालेला कोणी रुजू झाला की मीच जाऊन सांगतो.

सापशिडी

माझा अनुभव वेगळा आहे. घटस्फोटाचा दावा चालू होता. मुलगा सहा वर्षांचा. ठरलेल्या दिवशी कौटुंबिक न्यायालयातल्या मुलांच्या खोलीत दोन तास भेट. पहिल्या वेळी मी रिमोटवर चालणारी मोठी गाडी नेली. तो दोन तास गाडीशी खेळला, माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. दुसऱ्या वेळी त्याहून मोठं खेळणं नेलं. तेच.

बाहेर पाण्याच्या पिंपापाशी एक गृहस्थ भेटले. दोन वर्षं येत होते. म्हणाले, "नवीन काही आणू नका. दर वेळी तीच वस्तू आणा. आणि घरी काय चाललंय, आई काय म्हणते, असा एकही प्रश्न विचारू नका. निघताना पुढची तारीख सांगा आणि त्या तारखेला मरत असलात तरी या."

मी सापशिडीचा जुना पट न्यायला लागलो. दोघं खेळायचो, बोलणं फक्त दानाचं. पाचव्या भेटीला तो दारातूनच म्हणाला, "सोंगट्या आणल्यास ना?" आज तो दर शनिवारी माझ्या घरी राहतो. पट अजून तोच आहे, मधोमध घडीवर फाटलाय.

वकिलांनी मला कलमं सांगितली. हे त्या गृहस्थांशिवाय कोणी सांगितलं नव्हतं. त्यांचं नावही मी विचारलं नाही, याची रुखरुख आहे.

ओली_माती

सापशिडी, टोपणनावाचा अर्थ आज कळला.

केतकीचं_पान

मी वर जे लिहिलं त्यात थोडी दुरुस्ती करते. काल रात्री नवऱ्याला हा धागा वाचून दाखवला. तो म्हणाला, "तू पण 'द्या इकडे' म्हणायचीस." आठवलं तर खरंच म्हणायचे. तो लंगोट उलटा बांधायचा, मी सोडून परत बांधायचे. चौथ्या दिवशी त्याने बांधणंच सोडलं. उलटा बांधलेला लंगोट एक दिवस राहिला असता तर काय झालं असतं? फार तर एक दुपटं जास्त धुवावं लागलं असतं.

माजघर

अवांतर: बाळंतिणीसाठी डिंकाचे आणि अळिवाचे लाडू होतात, त्यातले रात्रपाळी करणाऱ्या बापाला मिळावेत की नाही? माझ्या बहिणीने मला वेगळा डबा दिला होता.

तोंडवळा

मिळावेतच. आईंनी मुंबईहून पाठवलेले अळिवाचे निम्मे लाडू माझ्या नवऱ्याने पहाटे तीनला खाल्ले, आणि मी एक शब्द बोलले नाही.

निळं_आभाळ

लाडवांवरून पुन्हा मुद्द्याकडे येतो. खूप वेळ लिहू की नको करत होतो.

माझा मुलगा स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे. निदान साडेतीन वर्षांचा असताना झालं. बायको उपचार केंद्रात त्याच्याबरोबर आत जायची, मी बाहेरच्या बाकावर बसायचो. त्या बाकावर रोज चारपाच बाप बसायचे. प्रत्येकाच्या हातात मोबाइल. सहा महिने आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. बायका पहिल्या आठवड्यातच एकमेकींच्या घरी जायला लागल्या होत्या.

एक दिवस एका वयस्कर माणसाने मला विचारलं, "रात्री झोपतो का?" बस, एवढंच. मी म्हणालो, "कोण, मुलगा?" ते म्हणाले, "नाही, तुम्ही." मी त्या बाकावर रडलो. त्यांचा मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा होता.

पुढे त्यांनी मला एक एक गोष्ट लावून दिली. जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, त्यावरून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. 2016 च्या कायद्यात ज्या 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांची यादी आहे, त्यात स्वमग्नता आहे. मग राष्ट्रीय न्यास या सरकारी संस्थेची 'निरामय' आरोग्य विमा योजना, वर्षाला एक लाखापर्यंत. त्यात नेहमीचे उपचार, थेरपीसुद्धा येतात, आणि आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे मला स्वप्नातही आलं नसतं. मुलगा अठरा पूर्ण झाला की कायद्याच्या दृष्टीने तो सज्ञान, आणि मी त्याचा आपोआप पालक राहत नाही. बँक, सह्या, सगळं अडतं. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं. त्यांनी स्वतःच्या मुलासाठी तो अर्ज केला तेव्हा मला मुद्दाम बरोबर नेलं. म्हणाले, "तुमची वेळ बारा वर्षांनी येईल. तेव्हा मी असेन नसेन, आत्ता बघून ठेवा."

ते दोन वर्षांपूर्वी गेले. मी अजून त्या बाकावर बसतो. फोन खिशात ठेवतो. नवीन कोणी बसला की मी पण तेच विचारतो.

रानभेंडी

निळं_आभाळ, माझ्या भावाचा मुलगा चार वर्षांचा आहे, नुकतंच निदान झालंय. भाऊ कोणाशी बोलत नाही. त्याला तुमच्याशी बोलायला सांगू का?

निळं_आभाळ

सांगा. नाही बोलला तर मी करतो फोन. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतोय.

बाळरोगी_वाळवेकर

"नाही, तुम्ही" या दोन शब्दांवर डॉक्टर म्हणून एक जोडतो. बाळ झाल्यावरचं नैराश्य बापालाही येतं. 2010 साली 43 अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा दहा टक्क्यांच्या आसपास होता, आणि बाळ तीन ते सहा महिन्यांचं असताना ते सर्वांत जास्त आढळलं. चिडचिड, घरी यायला टाळणं, सतत कामात बुडणं असंही ते दिसतं. 14416 हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. दुसरी_पाळी, तुमची मुलगी पाच महिन्यांची आहे. तुम्ही झोपता का?

दुसरी_पाळी

डॉक्टर, आता झोपतो. मध्ये एक महिना नव्हतो झोपत. विचारलंत, बरं वाटलं.

आज कारखान्यात त्या फिटरना हा सगळा धागा मोबाइलवर वाचून दाखवला. ऊसतोड कामगाराच्या गोष्टीला ते थांबले, म्हणाले परत वाच. मग मी त्यांना विचारलं, तुम्हाला कोणी शिकवलं होतं? ते म्हणाले, पहिल्या मुलीच्या वेळी कोणी नाही, आणि ती तीन महिने रोज रात्री रडली, आणि आम्ही दोघं भांडलो. दुसरीच्या वेळी शेजारच्या रिक्षावाल्याने दाखवलं. टॉवेलाची गुंडाळी त्याचीच.

देवरुख_एसटी

नमस्कार. नवीन सभासद आहे, आजवर फक्त वाचत होतो. बायकोला आठवा महिना लागलाय, पुढच्या आठवड्यात ती माहेरी जाईल, चिपळूणला. मी तिथे अधूनमधूनच जाऊ शकणार. कोणाला हसू येईल, पण बाळ पहिल्यांदा उचलताना हात नक्की कुठे ठेवायचे?

दुसरी_पाळी

कोणी हसत नाही. एक हात मानेखाली, बोटं पसरून, म्हणजे डोकं तळव्यात येतं. दुसरा बुडाखाली. आधी आपण खाली वाकायचं, बाळ छातीशी आणायचं, मग उभं राहायचं. आणि "द्या इकडे" म्हटलं तर म्हणायचं, "थांबा, मला शिकवा."

गंगावेस

आणि श्वास घ्यायचा.

माजघर

देवरुख_एसटी, मी चिपळूणलाच असतो, बहादूरशेख नाक्याजवळ. बाळ झालं की कळव. बहिणीच्या हातचे लाडू घेऊन येतो आणि पहिली अंघोळ आपण दोघं मिळून घालू. नंबर व्यनि केलाय.